आईची कढी कुठं गेली?



गेल्या वर्षी दशलक्षण पर्व आटोपल्यावर आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. त्यात ठरलं, की नव्या सुनांसाठी आणि नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूकडे राहणाऱ्या आपल्या मुलींसाठी चौक्याच्या स्वयंपाकाची एक छोटी पुस्तिका काढायची. पाणी कसं गाळायचं, कुठल्या ऋतूत पिठाची मर्यादा किती, महाराजांचा आहार घरी व्हायचा असेल तर आदल्या दिवशी काय काय हाताशी ठेवायचं, असं सगळं. चाळीस-पन्नास पानं, श्रुतपंचमीला वाटण्यासाठी. "तुझ्याकडे सगळं टिपलेलं असतं, तूच लिही," असं म्हणून सगळ्यांनी ते काम माझ्या पदरात टाकलं.

टिपलेलं होतं हे खरं. १९९७ साली लग्न होऊन सांगलीला आले, तेव्हापासून मला टिपून ठेवायची सवय आहे. तीन जाड वह्या, दिनदर्शिकेच्या पानांच्या मागच्या बाजू, प्रवचनाला नेलेली छोटी डायरी, आणि अलीकडच्या आठ-दहा वर्षांत मोबाईलवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज. साहित्याला तोटा नव्हता. तरी तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा 'पाणी' या विषयावर एक पान लिहून थांबले. कारण पुढचं वाक्य दुसऱ्या वहीत, त्याचं कारण डायरीत, आणि ते ज्या माताजींनी समजावून सांगितलं त्यांचं नाव मोबाईलमध्ये. टेबलावर पसारा आणि डोक्यात त्याहून जास्त.

माझी लेक पुण्यात संगणकाच्या कामात आहे. दिवाळीला आली तेव्हा तो पसारा बघून म्हणाली, "मम्मी, वहीतलं पान जागेवरून हलत नाही. तुला हलवता येतील अशा नोंदी पाहिजेत." तिनं माझ्या लॅपटॉपवर आणि मोबाईलवर ऑब्सिडियन नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. घरच्या वापराला ते फुकट आहे. त्यात लिहिलेली प्रत्येक नोंद ही आपल्याच संगणकावरच्या एका फोल्डरमधली साधी मजकुराची फाईल असते. इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फाईल दुसऱ्या कशातही उघडता येते. मला हे पटलं. डबा कुठल्याही कंपनीचा असो, आतली डाळ आपली.

पहिलं काम म्हणजे वह्या आत घालायच्या. मराठी टायपिंगचा मला कंटाळा, म्हणून बोलून टाईप करायचं ठरवलं. आपल्या घरात दिवसाउजेडी जेवणं आटोपतात, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर तीन तास मोकळे मिळतात. ओटा आवरला की मी वही घेऊन बसायची आणि मोबाईलला वाचून दाखवायची. मोबाईलला 'सोळं' हा शब्द काही केल्या कळेना. तो दर वेळी 'सोळा' लिहायचा. "सोळा नेसून पाणी भरावे" असं चार ठिकाणी उमटलं होतं. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "सोळा काय, लुगडी?" असो. दीड महिन्यात तिन्ही वह्या आत गेल्या.

दुसरं काम कापायचं. वहीच्या एका पानावर मी पाच गोष्टी लिहिलेल्या. वर पीठ दळण्याचा नियम, खाली नणंदेच्या साखरपुड्याचा हिशेब, मध्येच प्रवचनातला एक मुद्दा, आणि कोपऱ्यात कुणाचा तरी राग. लेकीनं सांगितलं होतं, एका नोंदीत एकच गोष्ट ठेव. तसं करत गेले तेव्हा साडेतीनशेच्या आसपास तुकडे झाले. सुरुवातीला मी त्यांना 'पाणी १', 'पाणी २' अशी नावं दिली आणि फसले. 'पाणी ७' मध्ये काय आहे ते उघडल्याशिवाय कळेना. मग नावातच गोष्ट सांगायला लागले : 'गाळलेलं पाणी दोन घडीनंतर पुन्हा गाळायचं', 'फडक्यात राहिलेलं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचं', 'पावसाळ्यात पीठ तीनच दिवस'. नुसती नावांची यादी वाचली तरी अर्धी पुस्तिका डोळ्यांसमोर यायला लागली.

इथं एक अडचण सांगते, कारण ती मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकीला येईल. शोधायच्या चौकटीत 'पाणी' लिहिलं, की 'पाण्याची मर्यादा' सापडत नाही. 'पीठ' लिहिलं, की 'पिठाची' सापडत नाही. 'दूध' लिहिलं, की 'दुधाचं' गायब. आपण शाळेत शिकलेलं ते सामान्यरूप! शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं, आणि संगणक अक्षराला अक्षर लावून बघतो. स्वयंपाकघरातले निम्मे शब्द असेच रूप बदलणारे. मला दोन आठवडे वाटत होतं, की पिठाबद्दल माझ्याकडे चारच नोंदी आहेत. 'पिठ' असं ऱ्हस्व लिहून शोधलं तेव्हा आणखी अकरा निघाल्या. यावर उपाय असा, की शब्द अर्धवट लिहायचा. 'पाण' लिहिलं की पाणी, पाण्यात, पाण्याला सगळं येतं. ज्यांचा पहिलाच स्वर बदलतो त्यांना दोन्ही रूपांनी शोधायचं. शिवाय दुहेरी चौकोनी कंसात मूळ शब्द लिहून तो त्या विषयाच्या नोंदीला जोडता येतो, आणि वाक्यात मात्र 'पिठाची' असंच दिसेल अशी सोय आहे. मी पाणी, पीठ, दूध, दही, डाळ, फळं असे पंधरा-वीस मूळ शब्द ठरवले आणि सगळ्या नोंदी त्यांना जोडल्या. मग 'पीठ' उघडलं, की त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या नोंदी खाली रांगेत उभ्या राहायच्या.

खरं सांगते, मला याची चटक लागली. त्यात एक चित्र दिसतं. प्रत्येक नोंद म्हणजे एक ठिपका आणि जोडणी म्हणजे रेघ. माझे सत्तावीस वर्षांचे ठिपके असे आकाशातल्या तारकांसारखे पसरलेले. मी त्यांना रंग दिले. फोल्डर केले, मोडले, पुन्हा केले. पंधरा दिवस गेले आणि पुस्तिकेचं एक वाक्य लिहून झालं नाही. मसाल्याचे डबे पुसून, नावं चिकटवून, ओळीत लावून ठेवायचे आणि कुकर चढवायचाच नाही, असा तो प्रकार. आपल्याकडे परिग्रह वस्तूवरून मोजत नाहीत, तिच्यावर मन किती गुंतलंय त्यावरून मोजतात. साड्यांचं आणि भांड्यांचं मी परिमाण केलेलं आहे, पण नोंदींचाही परिग्रह होतो हे मला पन्नाशीत कळलं.

मग मी स्वतःला धारेवर धरलं आणि पुस्तिकेपुरतं कामाला लागले. पाण्याच्या नऊ नोंदी, कढीच्या चार, मर्यादेच्या वीस. बऱ्याच पुन्हापुन्हा तेच सांगणाऱ्या. एक नोंद दुसरीत मिसळून टाकायची सोय त्यात आहे. दोन नोंदी एक होतात आणि पहिली निघून जाते. मी झपाट्यानं मिसळत सुटले. मिसळलं, की आतला मजकूर वाचायचा, दोनदा आलेलं कापायचं, "अक्का म्हणाल्या", "माताजींनी सांगितलं", "आज दुपारी" असलं सगळं काढायचं आणि राहिलेलं नियमासारखं लिहायचं. साडेतीनशेच्या एकशेचाळीस झाल्या. प्रकरणं पडली : पाणी, धान्य आणि पीठ, दूध-दही, भाज्या आणि फळं, चौका. मथळा धरून वर-खाली ओढला, की त्याखालचा मजकूरही त्याच्याबरोबर सरकतो, त्यामुळे रचना करायला काही वाटेना. फेब्रुवारीत कच्चा मसुदा तयार झाला. नियमांची एकाखाली एक अशी स्वच्छ यादी. मला फार अभिमान वाटला. जुन्या वह्या आता कशाला, रद्दीत घालाव्या, असंही मनात आलं.

एका दुपारी मी तो मसुदा अक्कांना वाचून दाखवला. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण कानांना नाही. त्या जपाची माळ हातात घेऊन डोळे मिटून ऐकत होत्या. पाण्याचं प्रकरण झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे सगळं. पण हे कुणी सांगितलं, ते काय कळत नाही. भिंतीवरची पाटी वाचल्यासारखं वाटतंय."

मला जरा लागलंच. पुढं वाचत राहिले. दूध-दह्याच्या प्रकरणात कढी आली. "कढीला बेसन लावू नये, द्विदल होते. तांदळाचे पीठ लावावे." अक्कांनी डोळे उघडले.

"तुझ्या आईची कढी कुठं गेली गं?"

मी म्हटलं, "कुठली?"

"अगं, आईची तुझ्या. बेसनाची. लिहून ठेव म्हटलं होतं की मी तुला."

मला काही आठवेना. आईच्या कढीची मला एकच आठवण होती, आणि ती काही गोड नव्हती. १९९८ साली माझी आई पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली होती. माझं माहेर सोलापूरकडचं. आमच्याकडे दही घुसळून आधी चांगलं उकळून घ्यायचे आणि मग त्यात बेसन. उकळलेल्या दह्याला दोष लागत नाही, असं आमच्या घरी मानत. सासरी तसं मानत नाहीत. दही उकळलेलं असो वा कच्चं, डाळीच्या पिठाशी ते गाठायचं नाही, म्हणून इथं तांदळाचं पीठ. आईला हे माहीत नव्हतं. तिनं हौसेनं सगळ्यांसाठी कढी केली. पानावर बसल्यावर अक्कांनी विचारलं, "बेसन आहे का यात?" आई हो म्हणाली. अक्कांनी वाटी हळूच बाजूला सरकवली आणि भाजी-चपाती खाऊन उठल्या. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. पण आईचा चेहरा मी बघितला होता. त्या रात्री मी वहीत काय काय लिहिलं ते इथं सांगत नाही. आई २०११ मध्ये गेली, आणि तरी ती बाजूला सरकवलेली वाटी माझ्या मनातून गेली नव्हती.

आणि आता अक्का विचारत होत्या, आईची कढी कुठं गेली.

संगणकावर शोधलं. 'कढी' नावाची एकच नोंद, माझ्याच हातानं स्वच्छ केलेली. या सॉफ्टवेअरमध्ये फाईलच्या जुन्या प्रती काही दिवस मागे जाऊन बघता येतात, साधारण सात दिवस, पण मी मिसळामिसळ करून महिना उलटला होता. चूक सर्वस्वी माझी. नशीब की वह्या अजून माळ्यावरच होत्या. त्या रात्री मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढले.

दुसऱ्या वहीत ते पान सापडलं. २००३ सालचं, थंडीतलं. माझंच अक्षर. लिहिलं होतं, की आज अक्कांनी सोलापूरला फोन लावून आईला कढीची रीत विचारली. दही आधी घुसळून उकळायचं, बेसन वेगळ्या पाण्यात शिजवून घ्यायचं, मग दोन्ही एकत्र. ही रीत आईला तिच्या आजीनं शिकवली. आणि त्याखाली : "अक्का म्हणाल्या, आपण करायची नाही, पण लिहून ठेव. लेकीला तिच्या आजोळची रीत माहीत पाहिजे."

म्हणजे सरकवलेल्या वाटीला पाच वर्षं झाल्यावर अक्कांनी आपण होऊन फोन केला होता. माझ्या समोर केला होता. मी तो स्वतः लिहून ठेवला होता आणि विसरले होते. मनानं पहिला दिवस ठेवला, दुसरा टाकून दिला. वहीनं दोन्ही ठेवले होते. आणि मी संगणकावर बसून, नीटनेटकं करण्याच्या नादात, 'हे वरच्या नियमाच्या विरुद्ध जातंय' म्हणून तीच नोंद कापून टाकली होती. आईचं नाव गेलं, तिच्या आजीचं गेलं, आणि अक्कांचा मोठेपणाही गेला. उरला फक्त नियम.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला धरसेनाचार्यांची कथा आठवली. आपण दर श्रुतपंचमीला ती ऐकतो. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणारे वृद्ध आचार्य, आपल्यानंतर श्रुत लोप पावेल या काळजीनं त्यांनी दोन मुनींना बोलावून घेतलं. शिकवण्याआधी परीक्षा म्हणून दोघांना एकेक विद्या सिद्ध करायला दिली. एकात एक अक्षर जास्त होतं, दुसऱ्यात एक कमी. विद्या सिद्ध झाली तेव्हा एका मुनींना दात पुढं आलेली देवी दिसली, दुसऱ्यांना एका डोळ्याची. देवीचं रूप असं विद्रूप असायचं नाही, म्हणजे चूक अक्षरात आहे, हे दोघांनी ओळखलं, मंत्र दुरुस्त केला आणि मग देवी आपल्या खऱ्या रूपात आली. तेच दोघं पुढे पुष्पदंत आणि भूतबली आचार्य, ज्यांच्यामुळे षट्खंडागम लिहिला गेला. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मला देवीची भीती वाटायची. आता कळलं, की ही गोष्ट लिहून ठेवणाऱ्यांसाठीच आहे. माझी कढीची नोंद एका डोळ्याची झाली होती. आणि दिसायला ती अगदी नीट दिसत होती, हीच तर भीती.

आणखी एक गोष्ट आठवली, ती स्वाध्यायाच्या वर्गात ऐकलेली. वीरसेनाचार्यांनी षट्खंडागमावर धवला टीका लिहिली. तिच्यात जिथं परंपरेतली दोन मतं वेगळी पडतात, तिथं काही ठिकाणी ते दक्षिण प्रतिपत्ती आणि उत्तर प्रतिपत्ती अशी नावं देऊन दोन्ही नोंदवतात. स्वतःला कुठलं मत जवळचं, ते सांगतातही, पण म्हणून दुसरं पुसून टाकत नाहीत. एवढ्या मोठ्या आचार्यांना दुसरं मत ठेवायला जागा होती, आणि मला चाळीस पानांच्या पुस्तिकेत नव्हती! ही धवला कित्येक शतकं मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जपली गेली. १९३९ साली डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून तिचा पहिला भाग छापून आला, आणि पुढे एकूण सोळा भाग झाले. आपल्या सोलापूरच्या सुमतीबाई शहांनी संपादित केलेला षट्खंडागम १९६५ मध्ये निघाला. ताडपत्रावरून कागदावर, कागदावरून छपाईत, असं दर वेळी कुणीतरी अक्षर अक्षर लावून बघितलं म्हणून ते आपल्या हातात आहे. वहीतून संगणकात नेताना मी तेवढं बघितलं नव्हतं.

मी मसुदा बाजूला ठेवला आणि पुन्हा बसले. या वेळी प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर चार रकाने केले. ऑब्सिडियनमध्ये नोंदीच्या वर असे रकाने घालता येतात. कुणी सांगितलं, त्यांना कुणाकडून आलं, कुठल्या घरची किंवा गावची रीत, आणि कधी ऐकलं. वह्या पुन्हा उघडून हे सगळं भरलं. जिथं माहीत नव्हतं तिथं रकाना रिकामा सोडला, अंदाजानं भरला नाही. मिसळलेल्या नोंदी पुन्हा सोडवल्या. दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध गेल्या, तर एकीला कापायचं नाही, दोघींना एकमेकींशी जोडायचं आणि वर लिहायचं 'दोन रीती'. असं करता करता दोन रीती असलेल्या तेवीस जागा निघाल्या. आधीच्या मसुद्यात एकही नव्हती.

मग रचनेचा प्रश्न आला. विषयवार केलेली रचना मला आता कोरडी वाटत होती, आणि अक्कांचं ते 'भिंतीवरची पाटी' डोक्यात होतं. आपलं जिनवाणीचं भांडार चार अनुयोगांत मांडलेलं आहे. महापुरुषांच्या कथा प्रथमानुयोगात, लोकाची रचना आणि गणित करणानुयोगात, आचार चरणानुयोगात, तत्त्व द्रव्यानुयोगात. धर्म एकच, मांडणी चार तऱ्हांची, कारण समोर बसलेला माणूस वेगवेगळा. माझी पुस्तिका नुसती आचाराची झाली होती. पण ज्या मुलीच्या हातात ती पडणार, ती पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. सकाळी साडेआठला तिला बस पकडायची असते. तिला 'पाणी' हे प्रकरण नको आहे, तिला उठल्यापासून काय करायचं ते हवं आहे.

म्हणून मी विषय मोडले आणि दिवस घेतला. पहिलं प्रकरण उठल्यावर : फडकं, गाळणं, उकळणं. दुसरं डब्याचं. तिसरं रविवारचं, जेव्हा आठवड्याचं दळण आणि साफसफाई होते आणि हिवाळा-उन्हाळा-पावसाळ्याच्या सात, पाच आणि तीन दिवसांच्या मर्यादेचा हिशेब लावायचा असतो. चौथं संध्याकाळचं, दिवस मावळायच्या आत जेवायला ऑफिसातून पोचताच येत नाही त्या मुलीचं. पाचवं चातुर्मासाचं आणि चौक्याचं. नोंदी त्याच, फक्त ओढून वेगळ्या मथळ्यांखाली नेल्या. वहीत असते तर हे मी कधीच केलं नसतं, सगळं पुन्हा लिहून काढायच्या भीतीनंच. इथं दोन संध्याकाळी झालं. आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक घडलेली गोष्ट घातली, नाव-गाव-साल यांसकट. प्रथमानुयोग आधी, चरणानुयोग मागून.

नवा मसुदा मंडळात वाचला तेव्हा सगळ्यांना आवडला असं नाही. आमच्या अध्यक्ष काकी म्हणाल्या, "दोन-दोन रीती छापल्या, तर पोरी आपल्याला सोपी पडेल तीच धरतील. पुस्तिकेनं एकच सांगावं." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आहाराच्या चौक्यात संदिग्धता चालत नाही, तिथं कडकच रीत पाहिजे. बराच वेळ चर्चा झाली. मी २००३ चं पान सोबत नेलं होतं, तेवढं वाचून दाखवलं. "आपण करायची नाही, पण लिहून ठेव." काकी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी ठरलं, की चौक्याच्या प्रकरणात एकच, कडक रीत. बाकी ठिकाणी आपली रीत मोठ्या अक्षरात आणि 'काही घरांत असं करतात' हे खाली, कुठल्या भागात ते सांगून. पानं वाढत होती, म्हणून तेवीसपैकी नऊच ठेवता आल्या. कढी राहिली.

तुमच्यापैकी कुणाला असं काही लिहायचं असेल, आजीच्या पाककृती असोत, प्रवचनांच्या टिपणी असोत की घराण्याची माहिती, तर माझ्या फसण्यातून चार गोष्टी सांगते. एक, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण नोंदी आपल्या संगणकावर राहतील आणि दुसरीकडे नेता येतील असं बघा, आणि पेन ड्राईव्हवर एक प्रत ठेवत चला. दोन, नोंद लहान ठेवा, पण कुणी सांगितलं हे तिच्यापासून कधी तोडू नका. तीन, मिसळण्याआधी एक दिवस थांबा. दोन नोंदी सारख्या वाटतात तेव्हा त्या खरंच सारख्या आहेत का ते बघा, बऱ्याचदा त्या दोन माणसांच्या असतात. चार, मूळ वह्या रद्दीत घालू नका. संगणकावर शोधलेलं पटकन सापडतं, पण काय कापलं ते फक्त वहीलाच माहीत असतं.

पुस्तिका आता छापायला गेली आहे. श्रुतपंचमीला जिनवाणीच्या पूजेनंतर वाटायची आहे.

मागच्या आठवड्यात अक्कांनी मला हाक मारली. म्हणाल्या, "ते तुझं यंत्र आण. एक सांगायचं राहिलंय." लोणच्याच्या बरणीबद्दल काहीतरी होतं, मला माहीत असलेलंच. तरी मी लिहून घेतलं. लिहून झाल्यावर मी विचारलं, "अक्का, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूनं. आणि रागावून सांगितलं होतं. ते पण लिही."

लिहिलं.

जय जिनेंद्र.